पैसे कसे देता, त्यावर किती देता हे ठरतं

काल दिवसभरात तुम्ही किती वेळा पैसे दिलेत, हे फोन न उघडता सांगून पाहा. सकाळचं दूध, स्टेशनपर्यंतची रिक्षा, दुपारचा चहा, येताना घेतलेली भाजी, कोपऱ्यावरच्या बेकरीतली खारी. एखादी वस्तू आठवेल, पण तिचे किती दिले ते आठवणार नाही. एखादी रक्कम आठवेल, ती कशापायी गेली ते सांगता येणार नाही. मग फोनमधली यूपीआयची यादी उघडा. बहुतेकांची यादी आठवणीपेक्षा लांबलचक निघते.

यात स्मरणशक्तीचा फारसा दोष नाही. पैसे द्यायची पद्धत बदलली की खर्च मनाला लागणं, तो लक्षात राहणं आणि वेळेवर हात आखडता घेणं, हे सगळंच बदलतं. कार्डं कापून टाका असं मी कुणालाही सांगणार नाही. रोख व्यवहारातही पैसा वाहून जातो आणि काही खर्चांसाठी कार्डच चांगलं. कुठला खर्च कुठल्या पद्धतीनं करायचा, हे मात्र घरात बसून एकदा ठरवून घ्यावं, असा माझा आग्रह आहे. आज ते आपल्या वतीनं दुकानदार, बँक आणि फोनमधली अ‍ॅप्स ठरवतात.

आधी हे होतं कसं, ते पाहू. अमेरिकेतल्या एमआयटीमधले ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांपुढे त्यांनी बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाच्या सामन्याची तिकिटं लिलावाला ठेवली. काहींना सांगितलं, बोली जिंकलात तर पैसे रोख द्यावे लागतील. काहींना सांगितलं, क्रेडिट कार्डानं द्यावे लागतील. बोली लिहिताना कुणाच्याच खिशातून अजून काही गेलं नव्हतं. तरी रोखवाल्यांची सरासरी बोली २८ डॉलरच्या आसपास राहिली आणि कार्डवाल्यांची ६० डॉलरवर गेली. पैसे कशानं द्यायचे आहेत, एवढ्या माहितीनंच तिकिटाची किंमत मनात दुप्पट झाली.

लिटरभर दुधाला कुणी खिशात कार्ड आहे म्हणून दुप्पट पैसे देणार नाही, हे उघड आहे. दुधाचा भाव आपल्याला पाठ असतो. ज्या वस्तूची वाजवी किंमत आपल्याला नक्की सांगता येत नाही, तिथे हा फरक आपला इंगा दाखवतो. साडी, सोफा, हॉटेलातलं जेवण, सहलीतली खोली, मुलांची खेळणी, लग्नाचा बस्ता ही ती जागा. बस्त्याला बसलेल्या घरात आठ हजारांची साडी बघता बघता साडेअकरावर कशी जाते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळा पुरावा नको.

रोख पैसे देताना मनाला एक बारीकशी टोचणी लागते. पाकीट उघडायचं, नोटा मोजायच्या, समोरच्याच्या हातात द्यायच्या, उरलेले परत घ्यायचे आणि पाकीट हलकं झालेलं बघायचं. ही टोचणीच आपल्याला ‘हे खरंच हवंय का?’ असं विचारायला लावते. कार्डात ती जवळजवळ राहत नाही. वस्तू आज मिळते, पैसे महिन्या-दीड महिन्यानं जातात, आणि जातात तेही इतर चाळीस खर्चांत मिसळून. शिवाय २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खरेदी करणाऱ्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. कार्डानं नुसती टोचणी कमी होते असं नाही. वस्तू मिळवण्याची ओढही वाढते. त्यामुळे ‘मी जरा मन घट्ट करीन’ एवढा निश्चय इथे पुरत नाही. ओढ आतून येत असते. व्यवस्था बाहेर बदलावी लागते.

ही ओढ सगळ्या वस्तूंकडे सारखी नसते. अमेरिकेतल्या एक हजार कुटुंबांच्या सहा महिन्यांच्या बाजारहाटाची नोंद तपासून मनोज थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं, की कार्डानं पैसे देणाऱ्यांच्या टोपलीत केक-बिस्किटांसारखे, ऐन वेळी मोह झाला म्हणून उचललेले पदार्थ जास्त असतात. गहू, तांदूळ, डाळ, तेल माणूस ठरवूनच घेतो. बिलाच्या रांगेत उभं असताना हाताशी मांडलेलं चॉकलेट कुणी ठरवून घेत नाही. मॉलमधून महिन्याचा किराणा आणता ना? पुढच्या खेपेला घरी आल्यावर बिलावरच्या ज्या ओळी यादीत नव्हत्या, त्यांवर पेनानं खूण करा आणि फक्त तेवढीच बेरीज मांडा. कार्डाचा तुमच्या घरातला परिणाम किती, याचा पहिला अंदाज त्या बेरजेतून मिळेल.

आठवणीचा मुद्दा वेगळा आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. दिलीप सोमण यांनी २००१ च्या आपल्या संशोधनात दोन गोष्टींकडे लक्ष वेधलं. पैसे देताना रक्कम स्वतःच्या हातानं लिहिली आणि पैसे लगेच खात्यातून गेले, तर आधीचे खर्च नीट लक्षात राहतात आणि पुढच्या खर्चाला आपोआप लगाम बसतो. चेक लिहिताना आपण रक्कम आधी अंकांत आणि मग अक्षरांत लिहितो. ती दोनदा डोळ्यांखालून जाते. कार्ड यंत्रावर टेकवलं की एवढंही होत नाही. १ जानेवारी २०२१ पासून पाच हजार रुपयांपर्यंत पिनसुद्धा लागेनासा झाला. आधीचा खर्च आठवत नसेल, तर पुढच्या खर्चाच्या वेळी मन हिशेब करणार कशावरून? ‘या महिन्यात फार काही घेतलं नाही आपण’ असं ते प्रामाणिकपणे सांगतं, आणि ते चुकीचं असतं.

यूपीआय रोख आणि कार्ड या दोहोंच्या मधलं आहे. ११ एप्रिल २०१६ ला ते सुरू झालं तेव्हा कोथिंबिरीची जुडीसुद्धा त्यावर येईल असं फार थोड्यांना वाटलं असेल. यूपीआयमध्ये पैसे खात्यातून ताबडतोब जातात, म्हणजे उधारी नाही; हा मोठा गुण. रक्कमही बहुधा आपण स्वतः टाकतो. पण मोजणं नाही, सुट्टे नाहीत, पाकीट रिकामं होणं नाही. दुकानातला स्पीकर ‘एकशे चाळीस रुपये प्राप्त हुए’ असं मोठ्यानं ओरडतो, तोही दुकानदाराच्या माहितीसाठी. देणाऱ्याच्या वाट्याला येते एक बरोबरची खूण. आता खात्यात किती उरले, हे पैसे देताना दिसत नाही. दहा-वीस-पन्नासचे शंभर व्यवहार महिन्याला सहज होतात. त्यातला एकही मोठा नसतो, म्हणून एकाचाही विचार होत नाही.

त्यात २०२२ पासून रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागलं. दुकानदाराकडे कार्डाचं यंत्र नसलं तरी क्यूआर कोडवर उधारी करता येते. माझं मत स्पष्ट आहे : रोजच्या वापराच्या यूपीआय अ‍ॅपला क्रेडिट कार्ड जोडू नका. चहा, वडापाव, भाजी, रिक्षा हे खर्च त्याच दिवशी त्याच खात्यातून गेले पाहिजेत. वाण्याच्या वहीत महिन्याची उधारी मांडणारी आपली आजी निदान दर खेपेला वहीतला आकडा वाचून घरी येत होती.

क्रेडिट कार्डाच्या तारखांचा घोळ एकदा कागदावर मांडून बघा, कारण निम्मी फसगत तिथेच होते. समजा, तुमच्या कार्डाचं बिल दर महिन्याच्या १८ तारखेला निघतं आणि ते भरायची शेवटची तारीख ७ आहे. दिवाळीची खरेदी तुम्ही २० ऑक्टोबरला केली. ती १८ नोव्हेंबरच्या बिलात येणार आणि ७ डिसेंबरपर्यंत भरायची. मध्ये ४८ दिवस गेले. दरम्यान १ नोव्हेंबरचा पगार झाला. खात्यात पैसे दिसत होते, म्हणून तुम्ही त्यातून भाऊबीजेची ओवाळणी घातली, पाहुण्यांना जेवायला नेलं, गाडीची सर्व्हिसिंग केली. १ डिसेंबरचा पगार आला आणि आठवड्याभरात दिवाळी त्यातून वजा झाली. डिसेंबरचा खर्च मग कार्डावर गेला, तो जानेवारीत भरायचा. यात बुडाल्याची भावना कधीच होत नाही, कारण दर महिन्याला बिल पूर्ण भरलं जातंच. पण घर पुढच्या महिन्याच्या पैशांवर चाललेलं असतं, आणि नोकरी सुटली किंवा दवाखान्याचा मोठा खर्च उभा राहिला की हा मागे पडलेला महिना एकदम समोर येतो.

यावरचा उपाय साधा आहे आणि मी तो सगळ्यांना सांगते. कार्डाचं बिल यायची वाट पाहू नका. दर रविवारी सकाळी बँकेचं अ‍ॅप उघडा, आठवड्यात कार्डावर जेवढं झालं ते वाचा आणि तेवढी रक्कम लगेच भरून टाका. बिल निघायच्या आधीही पैसे भरता येतात. ‘बिनव्याजी मुदत फुकट का घालवायची?’ असं कुणी विचारेल. वीस हजार रुपये महिनाभर बचत खात्यात राहिले तर तीन टक्के दरानं पन्नास रुपये व्याज मिळतं. दर आठवड्याला खर्च डोळ्यांखालून जाणं आणि पैसे त्याच महिन्यातून वजा होणं, याची किंमत पन्नास रुपयांहून कितीतरी जास्त आहे. रविवारचं हे वाचन नवरा-बायकोनं एकत्र केलं तर फारच उत्तम. कुणी कुणाला जाब विचारायचा नाही, फक्त ओळी वाचायच्या.

ज्यांना दर आठवड्याला जमणार नाही त्यांनी निदान ऑटो डेबिट लावून ठेवावं, आणि ते लावताना ‘टोटल अमाउंट ड्यू’ हाच पर्याय निवडावा. ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ निवडलं तर काय होतं ते आकड्यांत बघा. बिल ४०,००० रुपयांचं आहे. किमान रक्कम साधारण पाच टक्के, म्हणजे २,००० रुपये तुम्ही भरलेत. उरले ३८,०००. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरू. अनेक कार्डांचं तेवढं असतंच. एका महिन्याचं व्याज १,३३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २३९ रुपये. म्हणजे १,५६९ रुपये पुन्हा चढले. दोन हजार भरले आणि कर्ज उतरलं अवघं ४३१ रुपयांनी, तेही महिनाभर कार्डाला हात लावला नाही तर. शिवाय एकदा थकबाकी राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. भाजी घेतली त्या दिवसापासून व्याज सुरू. कार्डानं एटीएममधून रोख काढली, तर त्यावर पहिल्या दिवसापासूनच व्याज लागतं आणि वर शुल्क वेगळं.

पूर्वी राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या २००८ च्या निकालानं कार्डाचं व्याज वर्षाला ३० टक्क्यांच्या वर नेणं अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला. त्यामुळे वरून कुणी मर्यादा घालील या भरवशावर राहू नका.

आता कुठला खर्च कशानं करायचा, ते ठरवू. गेल्या तीन महिन्यांचं बँकेचं आणि कार्डाचं स्टेटमेंट छापून घ्या. फोनवर पाहू नका. कागद आणि पेनच हवं. प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक खूण करा. भाडं, फी, हप्ता, वीज, विमा, बस-रेल्वेचा पास हे ‘ठरलेले’. किराणा, भाजी, औषधं, पेट्रोल हे ‘लागणारे’. बाहेरचं खाणं, ऑनलाइन मागवलेले कपडे, घरबसल्या दहा मिनिटांत येणाऱ्या वस्तू, कॅब, सहज म्हणून घेतलेलं सगळं ‘सहज’ या खुणेखाली. मग फक्त ‘सहज’ची बेरीज. ती पाहून कुणाला दोष देऊ नका. पुढचं काम महत्त्वाचं आहे.

ठरलेल्या खर्चांची काळजी करायचं कारण नाही. तुम्ही विजेचं बिल रोख भरलं काय नि कार्डानं भरलं काय, युनिट तेवढीच जळतात. हे खर्च ऑटो डेबिटवर टाका म्हणजे दंड लागणार नाही. फक्त दर सहा महिन्यांनी मनोरंजनाच्या, व्यायामशाळेच्या, अ‍ॅपच्या वर्गण्या तपासा. कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या अशा रकमांची सूचना किमान २४ तास आधी यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून आहे. तो संदेश आला की वाचायची सवय ठेवा. न वापरलेली वर्गणी बंद करायची तीच वेळ.

‘सहज’ खर्चांसाठी मात्र रोख रक्कम काढा. तीन महिन्यांच्या सरासरीत एकदम निम्मी काटछाट करू नका, ती टिकत नाही. एक पंचमांश कमी करा, आठवड्याचा आकडा काढा आणि दर सोमवारी तेवढे पैसे पाकिटात ठेवा. स्वतःच्या बँकेच्या एटीएममध्ये महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात, त्यात आठवड्याची एक खेप आरामात बसते. त्यापुढच्या प्रत्येक व्यवहाराला १ मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत शुल्क लागू शकतं, म्हणून रोज थोडे थोडे काढत बसू नका. आणि शक्यतो पाचशेच्या नोटा घ्या. मोठी नोट मोडायला माणूस कचरतो, हे प्रिया रघुबीर आणि ज्योदीप श्रीवास्तव यांनी २००९ साली प्रयोगांतून दाखवलं. ‘नोट मोडली की संपली’ हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पाकिटात एक पाचशेची नोट उरली असेल, तर साठ रुपयांच्या सरबतापुढे तुम्ही क्षणभर थांबाल. तो क्षण हवा आहे.

रोख बाळगणं ज्यांना नकोच आहे, त्यांच्यासाठी यूपीआय लाइट आहे. त्यात जास्तीत जास्त पाच हजार रुपये भरता येतात, एक हजारापर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो आणि खात्यावर फक्त भरलेल्या रकमेची एकच नोंद दिसते. पिन लागत नाही म्हणजे टोचणी आणखीच कमी, हे मान्य. पण भरलेले पैसे संपतात, आणि संपले की अ‍ॅप तसं सांगतं. सोमवारी हजार-दीड हजार भरा आणि आठवडाभर बाहेरचं खाणं-पिणं त्यातूनच करा. एक खबरदारी घ्या : रक्कम कमी झाली की आपोआप भरणारी ऑटो टॉप-अपची सोय बंद ठेवा. ती चालू असेल तर या सगळ्याला अर्थ उरत नाही.

ऑनलाइन खरेदीला रोख चालवायची तर ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ हा मार्ग आहे, पण अनोळखी संकेतस्थळावर मी क्रेडिट कार्डच वापरायला सांगेन. माल आला नाही किंवा फसवणूक झाली तर बँकेकडे तक्रार करून व्यवहार उलटवून घेण्याची सोय कार्डात असते. आणि त्यात अडकतात ते बँकेचे पैसे, तुमच्या खात्यातले नाहीत. दवाखान्यात भरती होताना, प्रवासात, मोठं यंत्र घेतानाही कार्ड उपयोगी. फक्त त्याची दारं आवळून ठेवा. ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक कार्डावर देशातले, परदेशातले, ऑनलाइन आणि टॅप करून होणारे व्यवहार वेगवेगळे बंद-चालू करता येतात आणि प्रत्येकाची मर्यादा स्वतः ठरवता येते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. ऑनलाइनची मर्यादा तीन हजार ठेवा. मोठी खरेदी असेल त्या दिवशी वाढवा, मग पुन्हा खाली आणा. खरेदीच्या साइटवरून जपून ठेवलेलं कार्ड काढून टाका, म्हणजे दर वेळी सोळा आकडे टाकावे लागतील. रात्री साडेअकराला पलंगावर पडून केलेली निम्मी खरेदी या सोळा आकड्यांपाशी थांबते, असं मी अनेक घरांत पाहिलंय.

बस्ता, फर्निचर, टीव्ही अशा मोठ्या खरेदीला दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी वरची मर्यादा चिठ्ठीवर लिहा आणि ती बरोबर आलेल्या माणसाच्या हातात द्या. रोख देणार असाल तर पक्कं बिल घ्या, आणि एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला १ एप्रिल २०१७ पासून कायद्यानं बंदी आहे, हेही ध्यानात असू द्या. ‘नो कॉस्ट ईएमआय’ला भुलू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते प्रक्रिया शुल्कात किंवा बुडालेल्या सवलतीत दडलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. रोख घेतली तर किती कमी कराल, एवढा एक प्रश्न दुकानदाराला विचारा. खरा भाव कळेल.

रिवॉर्ड पॉइंटांबद्दल थोडक्यात. दहा हजारांच्या खर्चावर एक टक्का म्हणजे शंभर रुपये परत. कार्डामुळे त्या दहा हजारांत तीनशेची जरी भर पडली असेल, तरी दोनशेला बुडालात.

आता घरातल्या एका गोष्टीकडे वळते. तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. आपल्याकडे घरखर्चाचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला बाईच्या हातात रोख येत. दूध, भाजी, किराणा, मोलकरीण असे तिचे वाटे असत आणि काटकसर करून जे उरे, ते डाळीच्या डब्यात किंवा साडीच्या घडीत जाई. अडल्यानडल्याला, मुलीच्या फीला, माहेरच्या कार्याला तेच पैसे उपयोगी पडत. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा अशी कितीतरी डबे-घड्यांतली पुंजी बाहेर काढावी लागली. त्यानंतर अनेक घरांत किराण्याचं बिल नवऱ्याच्या फोनवरून परस्पर जाऊ लागलं. सोय झाली, पण तिच्या काटकसरीतून उरणारे पैसे आता तिच्याकडे उरत नाहीत. ते त्याच्या खात्यात राहतात आणि ‘सहज’मध्ये जिरतात. वाचवणाऱ्या हाताला काही मिळत नसेल तर काटकसरही हळूहळू थांबते.

म्हणून ज्या घरांत एकच पगार आहे, तिथे घरखर्चाची ठरलेली रक्कम १ तारखेला तिच्या स्वतःच्या खात्यात वळती करा आणि घरचे खर्च तिच्या फोनवरून होऊ द्या. उरलेले पैसे तिचे. यूपीआय सर्कलमध्ये आपल्या खात्यातून घरच्या माणसाला महिन्याला १५,००० पर्यंत खर्च करू देता येतो. सासऱ्यांच्या औषधांना, कॉलेजातल्या मुलाला ती सोय ठीक. पण बायकोसाठी ती नको. तिचा प्रत्येक खर्च त्याच्या फोनवर दिसणार आणि शिल्लक मात्र तिची नसणार.

वाटे पाडण्याची ही जुनी रीत आजही तितकीच चालते. सोमण आणि अमर चीमा यांनी भारतातल्याच कमी मजुरीच्या कामगारांना बचतीचे पैसे बंद पाकिटात घालून दिले. ज्यांच्या पाकिटावर त्यांच्या मुलांचा फोटो होता, त्यांची बचत वाढली. एकाऐवजी दोन पाकिटांत वाटून दिले, तेव्हाही वाढली. पाकीट फोडणं जिवावर येतं. बँकेत हेच करता येतं. मुख्य खात्याशेजारी एक दुसरं खातं किंवा आवर्ती ठेव उघडा आणि तिला ‘गौरीची फी’ असं नाव द्या. त्या खात्याचं डेबिट कार्ड घेऊ नका आणि ते यूपीआयला जोडू नका.

मुलांना मात्र रोखच द्या. आठ-दहा वर्षांच्या मुलाला वाटतं, फोन दाखवला की वस्तू मिळते. त्याला आठवड्याला पन्नास-शंभर रुपये नोटांत द्या, शाळेच्या बाहेरचं खाणं, स्टिकर, पेन त्यातूनच घ्यायला सांगा आणि बुधवारी संपले तर सोमवारपर्यंत वाट पाहू द्या. मध्येच हळहळून देऊ नका. कॉलेजात गेल्यावर त्याला यूपीआय द्या, तेही वेगळ्या खात्याचं.

या पद्धतीनं दोन महिने काढले की पुन्हा स्टेटमेंट छापा आणि ‘सहज’ची बेरीज करा. आकडा खाली आला असेल तर उरलेली रक्कम त्याच दिवशी आवर्ती ठेवीत टाका. खात्यात ठेवली तर ती राहत नाही. आकडा हललाच नसेल, तर तुमची गळती भलतीकडे आहे. ती बहुधा किराण्यात किंवा पेट्रोलमध्ये सापडते. मग रोखीत तो एक खर्च आणा, बाकीचे तसेच राहू द्या.

ज्यांच्या कार्डावर आधीच थकबाकी चढली आहे, त्यांनी यातलं काहीही करण्यापूर्वी कार्ड वापरणं थांबवावं आणि रोजचा खर्च रोख किंवा यूपीआयवर आणावा. घरात सात टक्क्यांची मुदत ठेव पडलेली असेल आणि कार्डावर बेचाळीस टक्क्यांनी कर्ज चढत असेल, तर ठेव मोडा. ‘अडचणीला असू दे’ म्हणून जिच्यासाठी ती राखून ठेवली, ती अडचण हीच आहे. ठेव नसेल तर बँकेला फोन करून थकबाकीचे हप्ते बांधून मागा किंवा पर्सनल लोन, सोनेतारण यांचे दर विचारा. ते कार्डापेक्षा बरेच कमी असतात. फोन करण्यापूर्वी कागदावर तीन आकडे लिहा : एकूण थकबाकी, कार्डाचा मासिक दर आणि तुम्हाला दर महिन्याला खरोखर भरता येईल अशी रक्कम. समोरचा माणूस लांब मुदतीचा छोटा हप्ता सुचवेल. तुम्ही लिहिलेल्या रकमेएवढाच हप्ता मागा, प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा दंड विचारून घ्या आणि हप्त्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेवा. कर्ज फिटल्यावर ते कार्ड बंद करायचं असेल तर तसं लेखी कळवा. थकबाकी नसेल तर बँकेनं ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायला हवं. न केल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाचे पाचशे रुपये तुम्हाला मिळायला हवेत, असा नियम आहे. अर्ज केल्याची तारीख आणि तक्रार क्रमांक तेवढा जपून ठेवा.